ज्यांचा शब्द घरात चालतो

नेइआफू
डिसेंबरचा पहिला सोमवार

प्रिय तेलेसिया,

फोनवर तू "हो आत्या" आणि "बरं आत्या" यांच्यापलीकडे काही बोलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. परवा मी विचारलं, जेवलीस का, तर "हो आत्या". काय जेवलीस, तर "हो आत्या". मग मी म्हटलं, अगं, आपल्या चर्चच्या छपरावर डुक्कर चढून बसलंय, आणि तू तितक्याच गोड आवाजात म्हणालीस, "बरं आत्या." मी फोन ठेवून दिला. हसू यायला हवं होतं, आलं नाही. पत्राला असं "हो आत्या" म्हणून वाटेला लावता येत नाही, निदान उघडावं तरी लागतं. फिलिमोनेची बोट उद्या दुपारी तुमच्या ओवाका बेटावर यायला निघेल, त्याच्याजवळ देते आहे. त्याला बजावून ठेवलंय, तुझ्याच हातात द्यायचं. तुझ्या आईच्या नाही, आणि सेमिसीकाकाच्या तर मुळीच नाही.

शनिवारी तुझ्या बाबांचा दुखवटा उतरायचा आहे. सकाळी बायका थडग्यावरचे काळे खडे धुऊन, तेल चोळून पुन्हा रचतील, दुपारी जमिनीतली भट्टी उघडतील, जेवणं होतील, आणि सगळं घराणं बसलेलं असताना सेमिसीकाका माझ्याकडे वळून तुझं काय करायचं ते विचारेल. त्याच्या मनात काय आहे ते त्यानं लपवलेलं नाही. जानेवारीत तू त्याच्या मेव्हणीबरोबर न्यूझीलंडला जायचं, सफरचंदं निवडून खोक्यांत भरायची, घरी पैसे धाडायचे, शिक्षणाचं पुढे बघू. तो वाईट माणूस नाही. भाऊ गेला, घरात कमावणारं कुणी उरलं नाही, तुझी धाकटी भावंडं शाळेत आहेत, तेव्हा थोरल्या भावानं असाच विचार करायचा असतो. दुसरीकडे राजधानीत, नुकुआलोफाच्या सागरी विद्यालयात जहाजाच्या इंजिनाचं काम शिकायला तुझ्या नावाची जागा आहे, शिष्यवृत्तीसकट, आणि जानेवारी संपेपर्यंत ते ती राखून ठेवणार आहेत. सफरचंदं की इंजिन, हे माझ्या शब्दावर अडलंय. बापाची बहीण एकदा बोलली की पुढे कुणी बोलत नाही. आणि मी इतके दिवस बोललेच नाही.

सेमिसी मधल्या काळात दोनदा येऊन गेला. बहिणीपेक्षा वर बसायचं नाही म्हणून ओसरीच्या खालच्या पायरीवर बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि म्हणाला, "लोसाली, पोरीचं काय ठरवलंस?" मी त्याला चहा दिला. तो चहा प्यायला, पाऊस कसा लांबला यावर बोलला, निघताना पुन्हा म्हणाला, "मग मी मेव्हणीला कळवू ना?" मी त्याच्या कपात उरलेल्या चहाकडे बघत होते. आपल्याकडे बहीण गप्प बसली की तिची ना नाही असंच धरतात, त्यात त्याची काही चूक नाही. पुढच्या आठवड्यात त्यानं तुझे पासपोर्टचे फोटो काढून घेतले असं कळलं. तू फोटो काढून दिलेस. कुणी सांगितलं की तू बसतेस, कुणी सांगितलं की उठतेस, असं तुझी आई म्हणते. "वन्सं, पोरगी घरात असते आणि नसतेही," म्हणाली.

तेव्हा आधी माझं सांगते. तेलेसिया, मला काही वाटेनासं झालंय. रडू येत नाही, रागही येत नाही. लोक म्हणतात, लोसाली फार खंबीर आहे. खंबीर कसली, जास्त वेळ पाण्यात राहिल्यावर बोटांची टोकं बधिर होतात ना, तशी मी आतून झाले आहे. शाळेत जाते, हजेरी घेते, परीक्षेच्या खोलीत फेऱ्या मारते. घरी येते तर शाळेसाठी तू माझ्याकडे राहायचीस ती तुझी खोली तशीच. मी रोज तिचं दार लावते आणि रोज संध्याकाळी ते वाऱ्यानं उघडलेलं असतं. एवढं बघूनही काही वाटत नाही. पाव खाते, झोपते. तुलाही असंच झालं असणार असं मला वाटतं, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे. दोघी एकाच पाण्यात आहोत, एवढंच.

जूनमधली ती शाळेतली संध्याकाळ आठवते का तुला? मला हल्ली तीच सारखी आठवते. वरून पत्रक आलं होतं की वरच्या दोन वर्गांतल्या प्रत्येक मुलानं पालकांबरोबर बसून पुढच्या शिक्षणाचा आणि कामाचा आराखडा करायचा. दरवर्षी येतं. दरवर्षी आईबाप येतात, माझ्यासमोर बसतात, मी जे म्हणेन त्याला मान डोलावतात, आराखड्यावर सह्या करतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं उगवतं, "बाई, आत्या नको म्हणाली." मग खोडरबर. न्यूझीलंडहून आलेल्या त्या चकचकीत पुस्तिकेत पहिलाच प्रश्न, तुला स्वतःला काय आवडतं? तुमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांनी त्याखाली लिहिलं होतं, आत्याला विचारून सांगतो. एकानं लिहिलं होतं, रविवारची दुपारची झोप. त्याचा आराखडा मला सगळ्यांत पटला होता. तर यंदा मी ठरवलं, खोडरबराचं काम नको. पालकांना बोलवा असं न लिहिता मी मुलांच्या हाती चिठ्ठी दिली, "ज्यांचा शब्द घरात चालतो, त्यांना घेऊन या." मला वाटलं होतं, कुणी आजोबा येतील, कुणाचे थोरले काका येतील. मी इथं जन्मले, इथंच वाढले, मला कळायला हवं होतं.

पाच वाजता फाटकातून आत्यांची रांग सुरू झाली. चर्चला यावं तशा नटून, रीतीप्रमाणे कमरेला चांगल्यातल्या चटया गुंडाळून, हातात पंखे, काखेत बसायच्या चटया, आणि मागून पोरं टोपल्या घेऊन, कारण आत्या एवढ्या लांब येणार म्हणजे त्यांच्या खाण्याचं बघायला नको का! आईबापही आले होते, पण ते बाहेर आंब्याखाली उभे राहिले. मुख्याध्यापकांनी दारातून डोकावून बघितलं आणि मला म्हणाले, "लोसाली, हे काय, लग्न आहे का कुणाचं?" पेनी नावाच्या त्या हडकुळ्या पोराला तर तीन सख्ख्या आत्या. एकीला तो हिशेबनीस हवा, एकीला पाद्री, एकीला पोलीस. तिघी त्याच्यासमोरच भांडायला लागल्या, आणि तो बिचारा माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई, तिन्ही लिहा." सेलू आत्यानं, बाजारात नारळ विकणारी ती, बसल्याबसल्या पंख्यानं पोरांच्या पाठीत टोले हाणत सगळ्या वर्गाची भवितव्यं ठरवून टाकली. मी लिहून घेत होते. मला मजा वाटत होती, हे आता आठवतं.

आणि मग तुझी पाळी आली. तू माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिलीस, समोरची रिकामी खुर्ची बघितलीस आणि म्हणालीस, "बाई, तुम्ही आत्याला आणायला सांगितलं होतं. माझी आत्या तुमच्या खुर्चीत बसली आहे. तिला जरा इकडे पाठवता का?" सगळ्या बायका खिदळल्या. मी उठले, टेबलाला वळसा घालून आत्याच्या खुर्चीत येऊन बसले. तू माझ्या खुर्चीत जाऊन बसलीस, पेन उचललंस, चष्मा नसलेल्या नाकावर चष्मा वर सरकवल्यासारखं केलंस आणि विचारलंस, "बोला, आत्याबाई, मुलीला काय करायचं आहे?" मी म्हटलं, मुलगी हिशेबात हुशार आहे, मुलगी शिक्षिका होईल. तू म्हणालीस, "मुलीला विचारलंत का?" मी म्हटलं, मुलीला काय विचारायचं, मी ठरवलं की झालं. "मुलगी म्हणते तिला जहाजाच्या इंजिनाचं काम शिकायचंय." मी म्हटलं, जहाजाच्या पोटात तेलाच्या धुरात बसणं हे काय मुलीचं काम आहे? "शाळेत खडूच्या धुळीत बसणं आहे, आणि तेलाच्या धुरात बसणं नाही? हा फरक मला लिहून घ्यायचाय, आत्याबाई, जरा सावकाश सांगा." सेलू आत्याचा पंखा थांबला. "अगं बाई, ही भाची आहे की वकील?" आत्याशी असं कुणी बोलतं का! मी डोळे मोठे केले. तू पेन खाली ठेवलंस आणि तुझ्या स्वतःच्या आवाजात म्हणालीस, "आत्या, सगळ्या बेटांवर जायला बोटी लागतात. बोट बंद पडली की आपण बाबांची वाट बघत बसतो. बाबा एकटे किती बेटांना पुरणार?" मी म्हटलं, परीक्षा होऊ दे, मग माझा शब्द देईन. तू माझ्या खुर्चीतून उठलीस आणि म्हणालीस, "हिनं विषय टाळला असं लिहा." तेवढ्यात खिडकीबाहेर कुणीतरी मोठ्यानं हसलं.

तेलेसिया, तो तुझा बाबा होता. तुला बहुधा कळलं नसेल, बाहेर बरेच बाप उभे होते. मला कळलं, पण एकदम नाही, कारण मी त्याला असं हसताना कधी ऐकलंच नव्हतं. बहिणीसमोर भाऊ थट्टामस्करी करत नाही. मोठं झाल्यापासून केलेपी आणि मी एका खोलीत बसून कधी गप्पा मारल्या नाहीत. मी आत असले तर तो दाराबाहेरून खाकरायचा आणि मी बाहेर येईपर्यंत थांबायचा. त्याचं लग्न, त्याची पोरं, त्याची आजारपणं, सगळं मला दुसऱ्याच्या तोंडून कळायचं, आणि माझं त्याला. तू लहान होतीस तेव्हा तर तुझ्यामार्फतच आमचं चालायचं. "बाबा म्हणतात आत्याला विचार, छपराचा पत्रा बदलायचा का." "आत्या म्हणते बाबांना सांग, आधी खोकला दाखवा." एवढं आयुष्य शेजारी शेजारी गेलं आणि त्याचं पोटभर हसणं मी एकदाच ऐकलं, तेही भिंतीपलीकडून, तू माझी फजिती करत होतीस म्हणून. हे लिहिताना माझा हात थांबला. थोडं काहीतरी वाटलं. पुन्हा गेलं.

मग सप्टेंबर. देवमासे बघायला आलेल्या लोकांनी बंदर भरलं होतं, केलेपीला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या सकाळी मी तुमच्याच वर्गावर होते. फळ्यावर मी लिहिलं होतं, "पाच वर्षांनी मी". मुख्याध्यापक दारात आले आणि उभेच राहिले. ते एकदा माझ्याकडे बघत, एकदा तुझ्याकडे. आधी कुणाला सांगावं तेच त्यांना कळेना. धक्क्यावर त्यानं एका बोटीच्या इंजिनाचं झाकण बंद केलं, चिंध्यांना हात पुसले, भिंतीला टेकून बसला, आणि परत उठला नाही. डॉक्टर म्हणाले हृदय. मी पुसणी घेऊन फळा पुसला, आधी "मी", मग बाकीचं. असं का केलं ते सांगता येणार नाही. तेव्हापासून सगळं तसंच चालू आहे, समोर जे काम दिसेल ते मी करते.

ओवाकाला मला त्याच्या उशाशी बसवलं. तो मान बहिणीचा. मी नवी, बारीक विणीची चटई कमरेला गुंडाळली होती, तुम्ही पोरं फाटक्यातुटक्या मोठाल्या चटयांत गुरफटलेली, दाराशी. लोक येत होते, वाकून त्याचा पापा घेत होते, चटया आणि झाडाच्या सालीच्या कापडाचे गठ्ठे माझ्यापुढे ठेवत होते. मोठं झाल्यापासून पहिल्यांदा मी माझ्या भावाच्या इतक्या जवळ बसले होते. त्याच्या नखांत काळं तेल होतं. कितीही घासलं तरी निघालं नाही असं तुझी आई म्हणाली. नंतर कात्री माझ्या हातात दिली. बाप गेल्यावर लेकीचे केस आत्यानं कापायचे. तुझी वेणी किती जड होती! लहानपणापासून मीच तेल घातलेली. तू पाठमोरी बसलीस, मान ताठ, एकदाही "आई गं" म्हणाली नाहीस. मी मानेपाशी कापली. बायका रडत होत्या. आपण दोघीच नव्हतो रडत. ती वेणी माझ्याकडे आहे, कापडात बांधून कपाटात ठेवली आहे. त्या दिवशी पहिल्यांदा तू मला म्हणालीस, "हो आत्या." मी विचारलं होतं, थोडं पाणी पितेस का?

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. शनिवारी सेमिसीनं विचारलं असतं, मी कुणाच्या तरी कपाकडे बघत बसले असते, आणि तू सफरचंदांना गेली असतीस. पण गेल्या बुधवारी फिलिमोने मला बाजारात भेटला. पालेभाज्या निवडता निवडता सहज म्हणाला, "बाई, तुमची भाची मला तिकडच्या धक्क्यावर दिसली. माझं इंजिन सुरू होईना. खोकत होतं, बंद पडत होतं. अर्धा तास मी दोरी ओढतोय. ती तिथंच बसली होती, हाकेच्या अंतरावर. मान वळवून बघितलंसुद्धा नाही." आणि मग आपलं म्हणून म्हणाला, "पूर्वी असती तर मला ढकलून खाली उतरली असती." मी हो म्हटलं, भाजी घेतली, घरी आले, भाजी ओट्यावर ठेवली आणि मला भीती वाटली. खरी भीती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी धड वाटलं आणि ते हे. लहानपणी तू जेवण टाकून इंजिनाच्या आवाजामागे धावायचीस. बाबांबरोबर बोटीच्या पोटात बसून बॅटरी धरायचीस, आणि वरून आम्हाला त्याचा एकच ओरडा ऐकू यायचा, "वेणी वर बांध गं, पट्ट्यात सापडेल!" तू बांधायची नाहीस, तो आत्याला सांगेन म्हणून धमकी द्यायचा, आणि सांगायचा मात्र कधी नाही. ती तू इंजिन खोकत असताना मान वळवत नाहीस. बाप गेल्याचं दुःख मी समजू शकते. पण तू पण निघून गेलीस, आणि मी इथं पाव खात बसले आहे, हे मला सोसवेना.

म्हणून आता जे सांगायचं ते. त्या जूनच्या संध्याकाळनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी धक्क्यावरून तुझ्या हाती माझ्यासाठी एक मासा पाठवला होता. खांद्यावर टाकून आणलास, अंग सगळं भिजलेलं. तू म्हणालीस, "बाबा म्हणतात, आत्याला दे," आणि शाळेला पळालीस. तुला वाटलं असेल, नेहमीचा, जाळ्यातला पहिला मासा आत्याचा असतो तो. पण तो केळीच्या कोवळ्या पानात गुंडाळला होता, आणि सोबत एक लांबलचक कोनफळाचा कंद, मातीही न झाडता, जसा काढला तसा. आमच्या पिढीत असा मासा आणि असा कंद बहिणीच्या दारात आला की भावाला काहीतरी मागायचं आहे असं समजायचं. तोंडानं तो मागणार नाही, बहिणीपुढे हट्ट धरणार नाही. ती खाईल, आणि देईल किंवा देणार नाही. माझ्या आयुष्यात केलेपीनं माझ्याकडे असं काही मागितलेलं ते एकदाच. ती मागणी तू होतीस, पोरी. तुला बहुतेक वाटत असेल की बाबा कधी काही बोलले नाहीत, म्हणजे त्यांच्या मनात नव्हतं. बाबा बोलले होते. तूच तो निरोप खांद्यावरून आणलास. मी मासा शिजवला, तू दोनदा मागून खाल्लास, आणि मी मनात म्हटलं, परीक्षा होऊ दे, घाई काय आहे.

शनिवारी जेवणं झाल्यावर, तुझं विचारण्याआधी, सेमिसी रीतीप्रमाणे मला विचारेल की केलेपीच्या घरातलं काय घेऊन जाणार. बहिणीनं हात ठेवला त्याला कुणी नाही म्हणत नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्या आईनं चांगल्यातल्या चटया बाहेर काढून ठेवल्या असतील, मला त्यातली एकही नको, त्या तिच्याकडेच राहतील. मी तुला मागणार आहे. सगळ्यांसमोर, तुझ्या खांद्यावर हात ठेवून. एकदा मी तुला घेतलं की सफरचंदांचा विषय संपला, आणि माझी वस्तू कुठे धाडायची ते मी बघीन, त्यात सेमिसीही बोलू शकत नाही. मी तुला नुकुआलोफाच्या जहाजावर बसवणार आहे. तुझी धाकटी भावंडं माझ्याकडे राहून शिकतील, तुझ्या खोलीत, म्हणजे ते दार तरी वाऱ्यानं उघडणार नाही. घरखर्चासाठी सेमिसीला जे सांगायचं ते मी सांगीन, मला त्याच्यावर आवाज चढवून बरेच दिवस झाले. हे सगळं न सांगतासुद्धा मी करू शकले असते. पत्र लिहिलं ते एवढ्याचसाठी की मी तुझ्या खांद्यावर हात ठेवल्यावर तू तिथं "हो आत्या" म्हणू नयेस. उठून उभी राहा, मला विचार की मुलीला विचारलंत का. सफरचंदांनाच जायचं असलं तर तसं म्हण, पण भांडून म्हण, खिडकीबाहेरच्या माणसालासुद्धा ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि इंजिनाकडे जायचं असलं, तर केस आता तेवढेच ठेव, वाढवू नकोस. ते आता पट्ट्यात सापडणार नाहीत.

तू भांडायला येईपर्यंत तुझीच,
लोसाली आत्या